गोष्ट वाचता येते, मग धडा का उमगत नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त हिमायतनगर येथे झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



 हळदीकुंकू आणि रांगोळीच्या स्पर्धा यांच्या जोडीने एखादे विचाराचे बोलणेही व्हावे, हा आपला प्रघात मला फार आवडतो. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु लहान मुले वाचतात कशी, आणि वाचूनही त्यांना पुष्कळदा समजत का नाही, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच विषयावर आज बोलणार आहे. विषय शाळेचा असला, तरी त्याची किल्ली तुमच्या घरात आहे, असे माझे म्हणणे आहे.

पालक सभेला येणाऱ्या आया मला एक गाऱ्हाणे हमखास सांगत. "बाई, पोरगं घडाघडा वाचतंय बगा. पण काय वाचलं म्हणून विचारलं, तर तोंडातून शब्द निघत नाही." हे गाऱ्हाणे पहिली-दुसरीच्या आयांचे नसते. ते सुरू होते तिसरी-चौथीपासून. असे का होते, याचा विचार आपण फारसा करत नाही. मुलाचे लक्ष नाही, मोबाईलवर बसते, खोडकर आहे, असे म्हणून मोकळे होतो. लक्ष नसेलही, पण खरे कारण बहुधा निराळे असते.

पहिली-दुसरीत मूल जे वाचते ते बहुतेक गोष्टी आणि गाणी. आता गोष्ट म्हणजे काय, हे मुलाला शाळेने शिकवावे लागत नाही. ते आजीच्या मांडीवरच शिकलेले असते. कोणी एक होता, त्याच्यावर संकट आले, मग त्याने अमुक केले, शेवटी असे झाले. हा साचा मुलाच्या मनात आधीच तयार असतो. म्हणून अक्षरे जुळली की गोष्ट समजते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चौथीच्या मुलांनी शिवछत्रपतींच्या चरित्राचे पुस्तक वाचले. ते इतिहासाचे पुस्तक असूनही मुलांना कधी जड गेले नाही, कारण ते गोष्टीसारखे पुढे सरकते. अफझलखानाच्या भेटीनंतर काय झाले, हे मुलाला विचारावे लागत नाही; ते आपणहूनच सांगते.

परंतु त्याच दप्तरात परिसर अभ्यासाचे दुसरे पुस्तक असते. त्यात पाण्याचा धडा असतो, अन्नाचा असतो, आपल्या शरीराचा असतो. तिथे कोणी राजा नाही, राणी नाही, संकट नाही, शेवटही नाही. मूल सवयीप्रमाणे "मग पुढे काय झाले?" असे शोधत जाते, आणि पुढे काही झालेलेच नसते! मग ते बिचारे एकेक वाक्य सुटे सुटे वाचते. वीस वाक्ये वाचली की पहिली पंधरा विसरते. परीक्षा जवळ आली की घोकंपट्टी करते. अमेरिकेतील जीन चॉल या शिक्षणशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली वाचनाच्या पायऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी हाच घाट दाखवला आहे. आरंभीची वर्षे मूल वाचायला शिकते. नंतर, साधारण चौथीच्या सुमारास, त्याला शिकण्यासाठी वाचावे लागते. पुष्कळ मुलांची गाडी या घाटातच अडते. आपल्याकडे 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाच्या पाहण्या केल्या. त्यात मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट मोठ्याने वाचता येते का, हे घरोघर जाऊन पाहिले गेले. ती पहिली पायरी आहे, आणि ती चुकवून चालणारच नाही. पण घाट पुढे आहे.

तर मग या घाटातून मुलाला वर कसे आणावे? माझे सांगणे एवढेच आहे की, धडा म्हणजे वाक्यांचा ढीग नव्हे. माहिती सांगणाऱ्याने ती काही एका रीतीने लावलेली असते. आपण फडताळात भांडी लावतो, तशी. ती लावण्याची रीत मुलाला दिसली, की वीस वाक्ये लक्षात ठेवावी लागत नाहीत. एक रचना लक्षात ठेवावी लागते आणि तिच्या आधाराने वाक्ये आपोआप आठवतात. या रीती काही शेकड्यांनी नाहीत. मुख्यतः पाच आहेत. आणि गंमत अशी की, पाचही तुम्ही रोज वापरता. फक्त त्यांना नावे दिलेली नाहीत.

पहिली रीत वर्णनाची. तुमचा मसाल्याचा डबा डोळ्यांसमोर आणा. एका वाटीत हळद, एकीत तिखट, एकीत मोहरी, एकीत जिरे. कोणती वाटी आधी, कोणती नंतर, याला महत्त्व नाही. पण सगळ्या एकाच डब्यातल्या. वर्णनाचा धडा असाच असतो. "हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याचे जुने नाव वाढोणा. येथे परमेश्वराचे मंदिर असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर गावाचे रेल्वे स्थानक आहे." यात काही घडत नाही, एकाच गावाबद्दलच्या निरनिराळ्या वाट्या भरलेल्या आहेत. मुलाला विचारावे, "डबा कशाचा? वाट्या किती?" डबा गावाचा, वाट्या चार: ठिकाण, जुने नाव, देऊळ, रेल्वे. एवढे सांगता आले की धडा समजला.

दुसरी रीत क्रमाची. उन्हाळ्यात तुम्ही कुरडया करता. आधी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते वाटून चीक काढायचा. मग चीक शिजवायचा. मग गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. आणि शेवटी उन्हात वाळवायचा. इथे वाट्या इकडच्या तिकडे करून चालत नाही. चीक आधी वाळवून मागाहून कोणी शिजवू म्हणेल, तर सासूबाई काय म्हणतील ते मी सांगायला नको! कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे १९७० साली निघालेले पुस्तक आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी असेल. पाककृतीचे कोणतेही पुस्तक म्हणजे क्रमाच्या लेखनाचा उत्तम नमुना. आधी साहित्य, मग कृती, आणि कृतीत एकामागून एक पायऱ्या. फुलपाखराच्या वाढीचा धडा याच जातीचा: अंडे, मग अळी, मग कोश, मग फुलपाखरू. मुलगी तो धडा पाठ करत बसली असेल, तर तिला म्हणावे, "अगं, ही तर कुरडईच आहे. पायऱ्या मोज." ती चार बोटे मोजील आणि पुस्तक मिटील.

इतिहासातही हीच रीत असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुलाच्या हाती एक सुतळी द्यावी आणि या चार तारखांच्या चार गाठी मारायला सांगावे. सुतळीवर बोट फिरवत ते सारा क्रम सांगते.

तिसरी रीत कारण आणि परिणाम यांची. आता सांगितलेल्या सुतळीवर पहिल्या दोन गाठींमध्ये तेरा महिन्यांचे अंतर आहे. एखादे चौकस मूल विचारतेच, "बाई, देश आधी स्वतंत्र झाला, मग आपणच मागे का राहिलो?" हा 'का' आला, की रीत बदलली. निजामाने हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्याचे नाकारले. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी लढा दिला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. घटना तीच; पण मघाशी आपण त्या दिवसांच्या क्रमाने लावल्या, आता एकीतून दुसरी कशी निघाली ते दाखवले. शेतीचे तर सारे बोलणेच या रीतीचे असते. पावसाने ओढ दिली, म्हणून सोयाबीन करपले; सोयाबीन करपले, म्हणून हाती पैसा आला नाही; पैसा नाही, म्हणून लेकीचे लग्न पुढे ढकलले. साखळीची एक कडी दुसरीत अडकलेली असते.

चौथी रीत तुलनेची. दुकानात दोन लुगडी समोर टाकली की आपण काय करतो? पोत पाहतो, काठ पाहतो, रंग जाईल का ते विचारतो आणि किंमत पाहतो. दोन्ही लुगड्यांना तेच चार प्रश्न. पुस्तकातील तुलनाही तशीच वाचावी. आपल्या जिल्ह्याच्या दोन नद्या घ्या. गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, तर पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात. गोदावरी नांदेड शहरातून वाहते. पैनगंगा आपल्या उत्तरेस मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरून वाहते आणि वाटेत सहस्रकुंडाला धबधब्याने कोसळते. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. पैनगंगा मात्र वर्धा नदीला मिळते. आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे वेगळ्या वाटेने गेलेल्या बहिणी पुढे एकत्र येतात. पाटीवर दोन नद्यांची दोन घरे आखून उगम, वाट आणि शेवट अशा तीन ओळी लिहिल्या, की हा सारा परिच्छेद सहा चौकटींत बसतो.

पाचवी रीत अडचण आणि उपाय यांची. मुलाला जुलाब होतात, शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, ही अडचण. क्षारसंजीवनी पाजावी; हा उपाय. आरोग्याचे, पाणी वाचवण्याचे, स्वच्छतेचे बहुतेक धडे या रीतीने लिहिलेले असतात. मुलाला दोनच प्रश्न विचारावे: "घोटाळा काय झाला? त्यावर काय करायला सांगितले आहे?"

भगिनींनो, या पाच रीतींची नावे मुलांकडून पाठ करून घ्या, असे मात्र मी म्हणत नाही. तसे केले तर एका घोकंपट्टीच्या जागी दुसरी येईल. शिवाय प्रत्येक धडा एकाच रीतीचा असतो असेही नाही. पाण्याच्या धड्यात आधी वर्णन, मग जलचक्राचा क्रम, मग टंचाईची कारणे आणि शेवटी उपाय असे सारे एकापाठोपाठ येऊ शकते. मुलाने एवढेच ओळखावे की, "इथपर्यंत पायऱ्या होत्या, इथून 'का' सुरू झाले." घरात स्वयंपाकघरातून माजघरात गेल्याचे जसे न सांगता कळते, तसे हे कळले पाहिजे.

ते कळावे म्हणून लिहिणाऱ्याने खुणा ठेवलेल्या असतात. पहिली खूण मथळ्यांची. आपले मूल वाचायला बसते ते थेट पहिल्या ओळीपासून. मथळा, उपमथळे, चित्रे, नकाशा, चित्राखालचा मजकूर, हे सारे सोडून देते. जुने लोक असे करत नसत. जांबच्या समर्थ रामदासांचा दासबोध घ्या. जांब हे गाव आपल्या मराठवाड्यातलेच. ग्रंथाचे वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, असे दोनशे समास. आणि प्रत्येक समासाला नाव. मूर्खलक्षण कोठे, उत्तमलक्षण कोठे, हे शोधायला सारा ग्रंथ चाळावा लागत नाही. पहिल्याच समासात या ग्रंथात काय काय सांगितले आहे, ते श्रोत्यांपुढे मांडले आहे. ऐकणाऱ्याला पुढचा रस्ता आधी दाखवावा, ही समज आपल्या भाषेत साडेतीनशे वर्षांपासून आहे. ती मुलांच्या हाती आपण दिली पाहिजे.

दुसरी खूण लहान लहान शब्दांची. आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण मुले खरी घसरतात ती इथेच. मोठे शब्द अडले तर मूल विचारते. 'बाष्पीभवन' म्हणजे काय, हे ते विचारील. पण 'म्हणून', 'कारण', 'तर', 'मात्र', 'पूर्वी' या शब्दांचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण ते सर्वांना येतातच असे आपण धरून चालतो.

ही दोन वाक्ये ऐका. "पाऊस लांबला, म्हणून पेरणी लांबली." "पेरणी लांबली, कारण पाऊस लांबला." सांगितलेली गोष्ट एकच. पण पहिल्या वाक्यात कारण आधी आले आहे आणि दुसऱ्यात मागून. लहान मुलाची समजूत अशी असते की, जे आधी लिहिले तेच आधी घडले. म्हणून दुसरे वाक्य वाचून "पाऊस का लांबला?" असे विचारले, तर "पेरणी लांबली म्हणून" असे उत्तर देणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. ती मुले मंद नव्हती. 'कारण' हा शब्द मागे बोट दाखवत नसून पुढे दाखवतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

'तर' हा शब्दही असाच. "जर पाऊस पडला तर पेरू" यात तो अट सांगतो. "गोदावरी नांदेडमधून वाहते, तर पैनगंगा सीमेवरून" यात तो तुलना करतो. शब्द एक, कामे दोन. आणि सर्वांत फसवा शब्द 'पूर्वी'. "पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळावे." वाक्यात पेरणी आधी आली, पण करायचे काम आधी दुसरेच आहे. मुलाला हे वाक्य वाचून नुसते विचारू नका. त्याला करून दाखवायला सांगा. आधी काय करशील? मग काय? करताना चूक लगेच दिसते आणि ती दुरुस्तही लगेच होते.

आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचे आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, कोणाच्या घरी उर्दू, किनवटच्या बाजूला कोणाच्या घरी गोंडी, तर कोणाच्या घरी तेलुगू. ही मुले मराठी शाळेत येतात तेव्हा वस्तूंची नावे चटकन शिकतात. झाड, नदी, बैल यांना वेळ लागत नाही, कारण वस्तू दाखवता येते. पण 'म्हणून' दाखवता येत नाही आणि 'मात्र' बोटाने सांगता येत नाही. अशा मुलाला घरच्या भाषेत त्या शब्दाला काय म्हणतात, ते त्याच्याच आईकडून विचारून आणायला सांगावे. तिच्या भाषेतही 'म्हणून' आहेच. 'का' विचारल्यावाचून आणि 'म्हणून' सांगितल्यावाचून कोणाचा संसार चालतो?

कोणी म्हणेल, एवढ्या लहान मुलांना हे झेपेल का? याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील बॉनी मेयर या विदुषींनी १९७५ साली माहितीपर लेखनाच्या बांधणीवर पुस्तक लिहिले. पुढे १९८० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लेखकाने मजकूर ज्या रीतीने लावला ती रीत धरून जी मुले आठवतात, त्यांच्या लक्षात अधिक राहते, असे त्यात आढळले. लहान मुलांचे काय, हा प्रश्न उरला होता. जोआना विल्यम्स यांनी न्यूयॉर्कमध्ये थेट दुसरीच्या मुलांना तुलनेची रीत शिकवली. प्राण्यांवरील छोटे परिच्छेद, तुलनेचे खुणेचे शब्द, ठरावीक प्रश्न आणि साधा तक्ता, एवढेच साहित्य. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांना ही रीत चांगली जमल्याचे दिसले. आणि रीत शिकण्यात वेळ गेला म्हणून प्राण्यांची माहिती कमी शिकली, असेही झाले नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे जमते, असा याचा अर्थ. आपल्या मुलांना का जमू नये?

आता घरी काय करावे ते सांगते. रोज पंधरा मिनिटे पुरतात. पहिल्यांदा धडा वाचायला न लावता नुसता पाहायला लावा. मथळे मोठ्याने वाचू द्या, चित्रे पाहू द्या, आणि विचारा, "यात काय सांगितले असेल?" मग वाचू द्या, वाचताना 'म्हणून', 'कारण', 'मात्र', 'नंतर' अशा शब्दांखाली शिसपेन्सिलीची रेघ मारू द्या. वाचून झाल्यावर पाटीवर काहीतरी काढू द्या. पायऱ्या असतील तर जिना, तुलना असेल तर दोन घरे, कारणे असतील तर साखळी, वर्णन असेल तर मसाल्याचा डबा, अडचण असेल तर कुलूप आणि किल्ली. शेवटी पुस्तक मिटून, त्या चित्राकडे पाहून, तुम्हाला धडा सांगू द्या. पुस्तकातले शब्दच्या शब्द येण्याची गरज नाही. स्वतःच्या शब्दांत आले तर अधिक चांगले.

आणि ज्या मातांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांना मला मुद्दाम सांगायचे आहे. आपल्या आजीच्या पिढीत निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. खेड्यातल्या मराठी मुलीला शाळेचे तोंड दिसणे कठीण होते. आजही शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या कितीतरी जणी येथे बसल्या आहेत. तुम्ही असे समजू नका की, हे काम आपले नव्हे. मी सांगितलेल्या कोणत्याही प्रश्नाला आईला अक्षर येणे लागत नाही. "पायऱ्या किती? का झाले? दोघांत फरक काय?" हे प्रश्न विचारायला व्यवहाराची समज लागते, आणि ती तुमच्यापाशी पदवीधरांपेक्षा कमी नाही. मूल सांगत असताना तुम्हाला कळले नाही, तर ते मोकळेपणाने म्हणा. मुलाचे सांगणे आईला कळले नाही, म्हणजे मुलालाच ते पुरते कळलेले नाही, असे पुष्कळदा निघते. मग ते पुन्हा पुस्तक उघडते. यापेक्षा चांगली परीक्षा शाळाही घेऊ शकत नाही.

हे सारे केवळ गुणांसाठी आहे, असे मात्र समजू नका. शाळा सुटली तरी माहितीचे कागद सुटत नाहीत. गोष्ट वाचली नाही तर कोणाचे अडत नाही. पण पीकविम्याचा अर्ज, विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी आणि औषधाचे पाकीट यांच्यावाचून अडते. मघाच्या क्षारसंजीवनीचेच पाहा. मोठे पाकीट एक लिटर पाण्याचे असते, लहान पाकीट दोनशे मिलिलिटरचे. कोणते आपल्या हातात आहे, हे पाकिटावर छापलेले असते. एकदा कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरायचे नाही, हेही असते. ही माहिती पाकिटावर नेमकी कोठे शोधायची, हे ज्या मुलीला कळते, ती घरातल्या तान्ह्याचा जीव सांभाळते.

दुसरे उदाहरण जड अंतःकरणाने देते. २०१७ सालच्या हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. नदी ओलांडली की तीच जमीन, तेच पीक, आणि पुष्कळांचे तिकडे सोयरेही आहेत. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, उष्मा होता, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती, अंगावर संरक्षणाचे काही नव्हते. बाटलीवरचे वाचले नाही म्हणूनच ते घडले, असे म्हणणे त्या दुर्दैवी माणसांवर अन्यायाचे होईल. बाटलीवरची अक्षरेही मुंगीएवढी असतात. तरीही त्या चिठ्ठीत जीव वाचवणारी माहिती असते, आणि ती ठरावीक रीतीने लावलेली असते. बाटलीवर चौकोनात विषाच्या जोराची खूण असते: तांबडा रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी, पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. कसे वापरावे, हा क्रम. काय काळजी घ्यावी, हा इशारा. विषबाधा झाल्यास काय करावे, ही अडचण आणि तिचा उपाय. आणि "फवारणीपूर्वी हातमोजे घालावेत" यातला 'पूर्वी' तोच, जो मूल वर्गात चुकते. वर्गात चुकले तर अर्धा गुण जातो. शेतात चुकले तर काय जाते, ते आपण पाहिले आहे.

घरात बापाला हे वाचून दाखवणारे कोण? बहुधा चौथी-पाचवी-सातवीतली मुलगी. तिने घडाघडा वाचले, आणि तिला उमगलेच नाही, तर तिचे वाचन घराच्या काय कामाचे? म्हणून मी म्हणते की, मुलीला शाळेत घातले, वाचता येऊ लागले, आपले काम झाले, असे कोणी समजू नये. काम अर्धे झाले.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक तास, याच जागेत, गल्लीतली मुले जमवावीत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक कोणाच्या घरी पडले असतील, ते आणावेत; १९७१ पासून निघणाऱ्या त्या मासिकात गोष्टींबरोबर माहितीचे लेखही पुष्कळ असतात. सोबत बियाण्याच्या पिशव्या, पाककृतीची कात्रणे, रेल्वेचे वेळापत्रक आणि ग्रामसभेची सूचना असे साधे कागदही ठेवावेत. बाटल्या मात्र नकोत. त्यांची नुसती माहितीपत्रके आणावीत. मुलांनी कागद उचलावा, तो कोणत्या रीतीने लावला आहे ते ओळखावे, पाटीवर चित्र काढावे आणि सर्वांना सांगावे. शिकवायला कोणी विद्वान नको. विचारणारी एक बाई पुरे. खर्च काही नाही. आणि हे सुरू झाले, तर पुढच्या वर्धापनदिनी या व्यासपीठावरून माझ्याऐवजी एखाद्या चौथीतल्या मुलीने आपल्या पैनगंगेची माहिती सांगावी, अशी माझी इच्छा आहे.